गावानं लपवलेली गळती

खाडीच्या कडेला, भातखाचरांच्या मधोमध वसलेल्या एका गावात जोमा नावाचा एक गवंडी राहत होता. हे गाव त्याच्या जन्माचं नव्हे. त्याचं मूळ गाव वरच्या अंगाला, नदीकाठी होतं. एका पावसाळ्यात नदी गावात शिरली आणि घर, गुरं, बियाणं, सगळं घेऊन गेली. जोमा, त्याची बायको बाळी आणि एक थापी एवढंच मागं उरलं. फिरत फिरत ते दोघं इथं आले तेव्हा तुम्ही कोण, कुठले, हेसुद्धा गावानं नीट विचारलं नाही. लडकू पाटलांनी आपली पडीक जागा दिली. कुणी वासे दिले, कुणी कौलं दिली, कुणी तवा आणून दिला. आठ दिवसांत घर उभं राहिलं. त्या घरात चूल पेटली तेव्हा बाळी चुलीपाशी बसून रडली आणि जोमा बाहेर जाऊन रडला, कारण पुरुषानं घरात रडू नये अशी त्याची समजूत होती.

त्या दिवशी त्यानं मनाशी एक ठरवलं. दर वर्षी वैशाखात, पाऊस यायच्या आधी, गावातल्या प्रत्येक घराच्या फटी आपण बुजवून द्यायच्या, आणि कुणाकडून काही घ्यायचं नाही. त्यानं ते पाळलंही. अठरा वर्षांत एक वैशाख चुकला नाही. एका वर्षी हात मुरगळला होता, तर गडी डाव्या हातानं थापी चालवत घरोघर फिरला. लोक म्हणायचे, अरे राहू दे या वर्षी. तो म्हणायचा, पाऊस राहणार आहे का?

आता जोमाकडे सगळ्या फटींवर औषध एकच होतं. सिमेंट. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट असो, मोरीचा कोपरा असो, भिंतीला गेलेली चीर असो, घमेल्यात सिमेंट कालवायचं आणि थापीनं दाबून भरायचं. त्यालाही कारण होतं. त्याच्या मूळ गावातली घरं मातीची होती आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत विरघळली होती. सिमेंटनं बांधलेला देवळाचा चौथरा तेवढा उरला होता. त्या चौथऱ्यावर दोन दिवस बसून जोमाचा जीव वाचला होता. तेव्हापासून देवाच्या खालोखाल त्याची श्रद्धा सिमेंटवर. इतरांना तो नेहमी सांगायचा की जगात माणसानं भरवसा ठेवावा अशी ही एकच वस्तू आहे.

सिमेंट वाईट असतं असं नाही. मोरीच्या दगडी कोपऱ्यात जोमानं भरलेलं सिमेंट अठरा वर्षांत तसूभर हललं नव्हतं. पण खिडकीची चौकट असते लाकडाची. ती पावसात फुगते आणि उन्हात आटते. सिमेंट फुगतही नाही आणि आटतही नाही. दोघांना शेजारी बसवलं की भांडण ठरलेलं. वैशाखात भरलेलं सिमेंट आषाढात चौकट फुगली की तडकायचं, आणि पश्चिमेकडून येणारी पावसाची झड त्या तड्यातून थेट घरात शिरायची. एखाद्या घरात खिडकीखाली परात, एखाद्या घरात पातेलं, कुठं गोणपाटाचा बोळा. सगळ्या गावाच्या खिडक्या गळत होत्या आणि सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जोमाला, कारण त्याच्या स्वतःच्या घराला खिडकीच नव्हती.

याला काय म्हणावं? त्या गावाचा स्वभावच तसा. कुणाचं मन मोडायचं म्हटलं की त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे. बिचारा स्वतःहून येतो, उन्हात राबतो, पाण्याशिवाय काही घेत नाही, त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं की बाबा रे, तुझं काम टिकत नाही? पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी वाटलं, पहिल्या वर्षी सांगितलं नाही तर आता कसं सांगायचं? पुढं पुढं तर न सांगणं हाच रिवाज झाला. पावसात जोमा कुणाकडे आला की त्याला पुढच्या पडवीतच बसवायचे, आतल्या पराती त्याच्या दृष्टीस पडू द्यायच्या नाहीत. पाऊस सरला की सुटलेले सिमेंटचे तुकडे गोळा करून परसात लांब नेऊन टाकायचे. एका शहाण्यानं तर तड्यावरून चुन्याचा हात फिरवला होता. वैशाखात जोमा यायचा, माल दर वर्षी थोडा झिजायचाच असं म्हणत उरल्यासुरल्या जुन्या मालावर नवा माल थापायचा आणि समाधानानं पुढच्या घरी जायचा.

हे असंच चालू राहिलं असतं. पण त्या गावात एक गोष्ट अशी होती की जी भिजून चालणार नव्हती.

ते गाव वालासाठी ओळखलं जाई. भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. बारीक दाणा, कडवट चव, आणि शिजले की वास आळीभर. असे वाल त्या पंचक्रोशीत दुसरीकडे पिकत नसत. त्यांचं बियाणं फाल्गुनापासून कार्तिकापर्यंत सांभाळावं लागे, म्हणजे अख्खा पावसाळा काढावा लागे. पाटलांचं घर उंचवट्यावर, म्हणून साऱ्या गावाचं बियाणं त्यांच्या पश्चिमेच्या खोलीत कणग्यांमध्ये भरून ठेवत. मागच्या पावसाळ्यात त्या खोलीची खिडकी गळली. भिंतीवरून पाणी उतरलं आणि तीनपैकी दोन कणग्यांना बुरशी चढली. जोमाला मात्र सांगितलं की बियाण्याला कीड लागली. जोमा हळहळला. दुसऱ्याच दिवशी तो डोक्यावर कडुनिंबाच्या पाल्याचा भारा घेऊन पाटलांकडे हजर झाला. पाटलांनी भारा उतरवून घेतला आणि त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

उरलेल्या बियाण्यावर त्या वर्षी थोडीच पेर झाली आणि पीकही बेताचंच आलं. नवं बियाणं कसंबसं एक कणगीभर निघालं. ती कणगी म्हणजे गावाच्या वालांचं सगळं बियाणं. ती गेली की विषय संपला.

अशा वर्षी वैशाखात जोमा पाटलांकडे आला आणि त्यानं सगळ्यात आधी पश्चिमेची खिडकी धरली. पाटलांच्या घरात त्याच वर्षी नवी सून आली होती, अनसू तिचं नाव. तिचं माहेर खाडीपलीकडे, जिथं होड्या बांधतात. होडीच्या दोन फळ्यांमधल्या फटी बुजवणं हा तिच्या बापाचा धंदा, आणि बापाला कापसाच्या वाती वळून देण्यात अनसूचं लहानपण गेलेलं. सासरी तिला बऱ्याच गोष्टी शिकवल्या होत्या. देवघरात दिवा कधी लावायचा, कुणाच्या पाया पडायचं, कुणाशी किती बोलायचं. जोमाकाकाच्या कामाबद्दल काय बोलायचं नाही, हे मात्र शिकवायचं राहून गेलं. सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायला हवं हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि जोमाचं काम बघत उभी राहिली.

“काका, ह्ये आषाढात सुटंल,” ती सहज म्हणाली. “लाकूड फुगतं. तुमचं सिमीट फुगत नाय.”

जोमा हसला. अठरा वर्षं मी हे भरतोय, विचार तुझ्या सासऱ्यांना, असं तो म्हणाला.

“मामंजीच तर सांगत व्हते,” अनसू म्हणाली. “मागल्या साली दोन कनग्या ह्याच खिडकीनं भिजवल्या.”

दारात सोनाबाई, म्हणजे तिची सासू, सुपात तांदूळ घेऊन उभी होती. तिच्या हातातलं सूप कलंडलं. लडकू पाटील आत येत होते, ते उंबऱ्यावरच थबकले आणि त्यांनी खाली वाकून आपली वहाण बघायला सुरुवात केली. वहाणेत बघण्यासारखं काहीही नव्हतं. जोमानं एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा सोनाबाईकडे. मग त्यानं थापी घमेल्यात ठेवली, कोपऱ्यातली भरलेली कळशी उचलली आणि तो बाहेर पडला.

शेजारच्या घराची एक खिडकी त्यानं चारच दिवसांपूर्वी भरली होती. तिच्याकडे तो गेला नाही. पलीकडच्या घरी तो यंदा अजून गेलेला नव्हता, तिथं मागच्या वर्षीचं काम तसंच होतं. बाहेरून त्यानं चौकटीच्या कडेनं कळशी ओतली आणि आत जाऊन पाहिलं. भिंतीवरून पाण्याचा ओघळ उतरत होता. घरातली बाई म्हणाली, “आजच हो भावोजी, आजच पहिल्यांदा बघतेय मी.” तिच्या मागं खिडकीखाली परात ठेवून ठेवून जमिनीवर गोल डाग पडला होता. जोमा दुसऱ्या घरी गेला, तिसऱ्या घरी गेला. आडावरून कळशी भरायची, ओतायची, आत जाऊन बघायचं. लोक त्याच्या मागून अरे जोमा, अरे ऐक तर, करत फिरत होते. सहाव्या घरानंतर त्यानं कळशी आडाच्या कट्ट्यावर ठेवली आणि तो घरी गेला.

बाळी वाल सोलत बसली होती. तुला ठाऊक होतं का, असं त्यानं विचारलं. बाळी खाली मान घालून वाल सोलत राहिली. ज्या बाया धुणं धुवायला बरोबर जातात त्यांच्यात असल्या गोष्टी लपत नाहीत, हे जोमाला आता कळलं.

तो दुखावला, आणि चांगलाच दुखावला. काम फुकट गेलं याचं दुःख होतंच. पण अठरा वर्षं आपल्याला सगळ्यांनी लहान पोरासारखं फसवत ठेवलं, हे जास्त झोंबत होतं. आपण ऋण फेडतोय म्हणून छाती काढून चालत होतो, आणि प्रत्यक्षात या लोकांच्या घरात पाणी सोडत होतो. परक्याला सांभाळून घेतात तसं आपल्याला सांभाळून घेतलं. त्याला वाटलं, उठावं आणि जावं इथून. या लोकांना तोंड दाखवायला जागाच राहिली नाही. तो बाळीला म्हणाला, बांध गाठोडं.

बाळीनं सोललेले वाल बाजूला ठेवले.

“जाऊ की,” ती म्हणाली. “पन ती खिडकी तशीच ठेवून?”

जोमा बसला तो बसलाच. बियाणं जाणं म्हणजे काय ते त्याच्याइतकं त्या गावात कुणाला कळत होतं? घर पुन्हा बांधता येतं, गुरं पुन्हा आणता येतात. पण पिढ्यान् पिढ्या जपलेला दाणा एकदा गेला की हाक मारून परत येत नाही. त्याच्या गावचा तांबडा भात असाच गेला होता. नंतर किती ठिकाणी शोधला, तसला भात पुन्हा मिळाला नाही. आणि आता या गावाचे वाल त्याच्याच थापीनं जायला निघाले होते. राग खरा होता, पण तो घेऊन बसायला वेळ नव्हता. मृग पंधरा दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाटलांच्या दारात उभा राहिला. घरात सगळ्यांचे चेहरे पडलेले होते. अनसूला आदल्या दिवशी भरपूर बोलणी बसली होती आणि तिचे डोळे सुजले होते. पाटील पुढं आले, हात जोडून काही बोलायला लागले. जोमानं त्यांना थांबवलं. ते मागून बोलू, आधी सूनबाईला बोलवा, असं तो म्हणाला.  सोनाबाईला वाटलं आता हा पोरीला काहीबाही बोलणार. तिनंच पोरीला आदल्या दिवशी वाटेल तसं झापलं होतं, पण दुसऱ्या कुणी बोललेलं तिला सोसलं नसतं. ती सुनेच्या पुढं येऊन उभी राहिली.

जोमानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

“पोरी,” तो म्हणाला, “अठरा वर्सं ह्या गावानं माजं मन राखलं. काम कुनी राखलं नाय. त्ये तू राखलंस. आता मला शिकव.”

 अनसूनं सासूकडे पाहिलं. सोनाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि ती म्हणाली, “बघतेस काय? शिकव की.”

मग साठीच्या जोमानं विशीतल्या पोरीपुढं बसकण मारली. अनसू बोलायला भिडस्त होती, पण कामाला हात लागला की तिची भीड जायची. पहिल्यांदा तिनं त्याला थापी बाजूला ठेवायला लावली आणि एक बोथट सुरी हातात दिली. जुनं सगळं आधी उकरून काढायचं. जोमानं वरवरचं काढलं. अजून, ती म्हणाली. त्यानं थोडं काढलं. अजून, ती म्हणाली. अठरा वर्षांचे अठरा थर होते आणि त्यातला प्रत्येक थर जोमाच्या हातचा होता. आपलंच काम आपल्या हातानं उकरताना माणसाला काय वाटतं ते सांगायला नको. तळाशी पहिल्या वर्षीचा थर लागला, त्यात जोमाच्या अंगठ्याचा ठसा होता. त्यानं तो पाहिला आणि तोही खरवडून काढला.

पुढं दोन दिवस तिनं त्याला काहीच भरू दिलं नाही. फट वाळू दे, आत धूळ आहे तोवर काही धरत नाही, असं म्हणून ती नारळाच्या शेंडीनं धूळ झाडत राहिली. जोमाचा जीव वरखाली होत होता. मग खाडीपलीकडून राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, आणली. ती कुटून तेलात मंद आचेवर शिजवली. तिचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी ताणायचा. तुटला तर तेल कमी, नुसताच चिकटला तर अजून शिजायला हवी. असं चार वेळा झालं तेव्हा तो थेंब धाग्यासारखा ताणला गेला आणि परत आखडला. अनसू म्हणाली, आता हे लाकडासंगं नांदेल. ते फुगलं की हे आखडेल, ते आटलं की हे ताणलं जाईल. जोमानं तो थेंब स्वतः चार-पाच वेळा ताणून पाहिला. लहान पोराच्या हातात खेळणं यावं तसा त्याचा चेहरा झाला.

त्या राळेत कापसाची वात भिजवायची, सुरीच्या पाठीनं फटीत खोल दाबायची, आणि वरून तेलाचं बोट एकदाच फिरवायचं. पुन्हा पुन्हा नाही. जोमाला पुन्हा पुन्हा फिरवायची खोड होती. अनसूनं त्याच्या बोटावर हळूच चापट मारली आणि मग स्वतःच दचकली. जोमा मोठ्यानं हसला. त्या घरात चार दिवसांत पहिल्यांदा कुणी हसलं. मोरीकडे तो जरा धास्तावूनच वळला, तर अनसू म्हणाली, तिथलं तुमचं सिमीटच बरोबर, दगडाला दगड, त्याला हात लावू नका. आणि मातीच्या भिंतीची चीर? तिला माती आणि शेण, दुसरं काही नको. म्हणजे फट बघायची, तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघायचं, आणि मग आपल्या घमेल्याकडे बघायचं. जोमा इतकी वर्षं आधी घमेल्याकडे बघत आला होता.

पण एका खिडकीला तीन दिवस. पाऊस दारात, आणि गावात घरं चाळीस. जोमा म्हणाला, घाई करतो, सगळ्यांची करतो, कुणाला नाही कसं म्हणू? अनसू म्हणाली, घाई केलीत तर सगळ्यांची वाया जाईल. जोमानं रात्रंदिवस राबायचं बोलून पाहिलं, पण ओल्या फटीला आणि कच्च्या राळेला त्याचं काही नव्हतं. शेवटी त्यानं तोंड धुतलं आणि तो घरोघर सांगत निघाला. यंदा फक्त बियाण्याची खोली होईल. तुमची खिडकी होणार नाही. परात तेवढी ठेवा.

अठरा वर्षांत त्यानं कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. आणि गंमत अशी की त्यानं नाही म्हटल्याबरोबर लोकांची तोंडं उघडली. एक म्हातारी म्हणाली, खिडकीचं राहू दे, पण जोमा, तू ती पहिल्या वर्षी भिंतीला अशी चिकटवलीस की ती उघडतच नाही, अठरा उन्हाळे मी घामानं भिजते आहे. एकानं चुन्याचा हात फिरवल्याचं कबूल केलं. दुसऱ्यानं परसातला सिमेंटच्या तुकड्यांचा ढीग दाखवला, तो आता गुडघ्याएवढा झाला होता. जोमा ऐकत होता, लाजत होता आणि हसतही होता. मग लोकांनीच विचारलं, जुनं उकरून काढायचं एवढं तर आम्हाला येईल ना? आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरातली सुरी शोधली. पावसाळ्यापुरता फटीत गोणपाटाचा बोळा घालायचा आणि राळ पुढच्या वैशाखात भरायची, असं ठरलं. चार-पाच दिवस त्या गावात दुसरा आवाज नव्हता. बायका वाती वळत होत्या, पुरुष खरवडत होते, आणि जोमा व अनसू पाटलांच्या पश्चिमेच्या खोलीत खिडकीच्या उरलेल्या कडांत वात दाबत होते.

पाऊस आला. ज्येष्ठ गेला, भातलावणी झाली. आषाढात एके दिवशी दुपारच्या वेळी पश्चिमेकडून अशी झड सुरू झाली की समोरचं झाड दिसेना. जोमा घोंगडी घेऊन पाटलांकडे धावला. त्याच्या आधीच तिथं निम्मं गाव जमलं होतं. बियाण्याच्या खोलीत सगळे खिडकीकडे तोंड करून उभे होते. जोमानं चौकटीच्या खाली तळहात लावला. वरून, डावीकडून, उजवीकडून लावला. हात कोरडा. त्यानं तो हात सगळ्यांना दाखवला. सोनाबाईनं सुनेची अलाबला घेतली.

लडकू पाटील मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कणगीच्या मागं उभे होते. तिथं छपराचा वासा भिंतीत शिरत होता. वाशाच्या मुळाशी एक थेंब जमला, लोंबला आणि पाटलांच्या खांद्यावर पडला. नंतर दुसरा. पाटलांनी काय केलं? अठरा वर्षांची सवय. ते अर्धं पाऊल सरकले आणि त्या थेंबाखाली नीट उभे राहिले, म्हणजे तो जमिनीवर पडून कुणाला दिसू नये. सगळे इतके आनंदात होते. जोमाचा चेहरा असा फुलला होता. त्या वेळी एका थेंबाची गोष्ट काढायची कशी?

तिसरा थेंब पडला. पाटलांच्या अंगरख्यावर ओल पसरत चालली. कणगी त्यांच्या पाठीला टेकली होती. पाटलांनी कणगीकडे पाहिलं, जोमाकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

“जोमा,” ते म्हणाले, “हितं गळतंय. ह्यो वासा तू मागल्या साली भरलास, त्यो सुटलाय.”

  जोमा वळला. तो पाटलांपाशी आला, त्यानं त्यांच्या भिजलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि वर पाहिलं. वासा लाकडाचा, भोवती सिमेंट. त्याचंच.

जोमाचे डोळे भरून आले, आणि या वेळी तो बाहेर गेला नाही.

“पाटील,” तो म्हणाला, “गावात येऊन मला अठरा वर्सं झाली. पन आज तुमी मला गावात घेतलंत.”

मग धावपळ झाली. कणगी सगळ्यांनी मिळून उचलून कोरड्या अंगाला नेली. बाहेरून माडाच्या झापांचा आडोसा बांधला. ओल्या लाकडाला राळ धरत नाही, म्हणून तीन दिवस वाशाखाली शेगडी ठेवून तो वाळवला, आणि मगच जोमानं त्यात वात दाबली. तेलाचं बोट एकदाच फिरवलं. त्या पावसाळ्यात पाटलांच्या खोलीत पुन्हा पाणी आलं नाही. कार्तिकात कणगी उघडली तेव्हा बियाणं खडखडीत होतं. ते गावभर वाटलं गेलं आणि महिन्याभरात खाचरं वालाच्या वेलांनी हिरवी झाली.

तात्पर्य: फट कशाची आहे हे पाहून तिच्यात काय भरायचं ते ठरवावं, आणि माणसाची गरज काय आहे हे विचारून मगच त्याचे उपकार फेडावेत. ज्याचे आपण आभारी आहोत त्याच्यापासून त्याची चूक लपवू नये, ती प्रेमानं सांगावी. कारण खरं सांगणं हेसुद्धा आभार मानणंच आहे.